‘हिडन जेम’ म्हणू नका : स्वस्त खानावळींचा खरा इतिहास

(थ्रेड)

१/ सुट्टीच्या दिवशी पाच-सहा खवय्ये मित्र एकत्र येतात, जुन्या वस्तीतील एखाद्या गल्लीत शिरतात, शंभर-दीडशे रुपयांत पोटभर जेवतात आणि संध्याकाळी जाहीर करतात की आम्ही एक ‘हिडन जेम’ शोधून काढला. जेवणाला हरकत नाही. मैत्रीला तर मुळीच नाही. हरकत आहे ती ‘शोधून काढला’ या शब्दांना. इतिहासाची आवड सांगणाऱ्यांनी तरी हे शब्द वापरू नयेत. ते वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि ज्या खानावळींचे आपण कौतुक करतो त्यांच्याच मुळावर ते येतात. ते कसे, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ ‘वास्को द गामाने भारताचा शोध लावला’ हे वाक्य ऐकले की आपण हसतो. १४९८ साली तो कालिकतला पोहोचला तेव्हा ते बंदर अरबी व्यापाऱ्यांनी गजबजलेले होते, हे आपल्याला ठाऊक असते. मग ज्या खानावळीत पन्नास-साठ वर्षे रोज दुपारी हमाल, कारकून, टॅक्सीचालक आणि विद्यार्थी पाट मांडल्यासारखे येऊन बसतात, ती लपलेली होती तरी कुणापासून? आपल्याला माहीत नव्हते म्हणजे जगाला माहीत नव्हते, हा समज एका खलाशाचा असो वा एका खवय्याचा, त्याची जात एकच.

३/ गल्लीतील स्वस्त आणि तऱ्हेतऱ्हेचे जेवण ही निसर्गाने पेरून ठेवलेली वस्तू नव्हे. तिच्यामागे तीन प्रश्न उभे आहेत. या बाकावर कोण कुणाशेजारी बसू शकत होते? ही चव या गावात आली कशी? आणि ताट स्वस्त राहिले, तर त्याची उरलेली किंमत कोण भरत होते? या तीन प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत. ती क्रमाने घेऊ.

४/ पहिला प्रश्न : सोबत बसण्याचा. सन १८९०, पुणे. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून उघड केली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. रानड्यांसारख्या सुधारकाग्रणींनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले.

५/ एका कप चहासाठी प्रायश्चित्त! हे पेशवाईतील नव्हे, रेल्वे, तारयंत्र आणि काँग्रेस यांच्या काळातील प्रकरण आहे. ज्यांच्यावर बहिष्काराची वेळ आली ते शहरातील सर्वांत वजनदार लोक होते. मग ज्यांना ना वजन होते ना वृत्तपत्र, त्यांनी उपाहारगृहाच्या पायरीवर काय सोसले असेल, याचा अंदाज करा. ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’, ‘हिंदू हॉटेल’ अशा पाट्या त्या काळी सर्रास असत. रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे. आज त्या पाट्यांची छायाचित्रे आपण ‘व्हिंटेज’ म्हणून फिरवतो. ती सजावट नव्हती, तो प्रवेशाचा नियम होता.

६/ आता कोल्हापूर. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतील नोकर. जातीने अस्पृश्य. पाण्याच्या हौदाला शिवल्याचे निमित्त होऊन त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि कांबळे यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. त्यातून चहाचे दुकान उभे राहिले : ‘सत्यसुधारक हॉटेल’. पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवत, चारचौघांत चहा पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. कागदावर सही हवी असलेल्यांना ते त्याच हॉटेलात गाठायला सांगत, अशीही आठवण कोल्हापुरात सांगितली जाते.

७/ या प्रसंगाकडे ‘राजाचा मोठेपणा’ म्हणून पाहणे पुरेसे नाही. यातली सूक्ष्म गोष्ट अशी की धंदा काढून देणे सोपे होते, गिऱ्हाईक मिळवून देणे कठीण. हॉटेल भांडवलावर उभे राहते, पण चालते ते तिथे पुन्हा पुन्हा येऊन बसणाऱ्यांवर. शाहू महाराजांनी गंगारामांना दिलेली सर्वांत मोठी मदत म्हणजे त्यांचे नियमित गिऱ्हाईक होणे. हा मुद्दा लक्षात ठेवा. थ्रेडच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

८/ विद्यार्थ्यांचे काय? ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. आठवड्याचे सात वार, सात घरे. ती त्या काळातील मोफत जेवणाची व्यवस्थाच होती. पण जिच्या दाराशी सर्व जातींच्या मुलांना उभे राहता येत नव्हते अशी. त्या पार्श्वभूमीवर १९२४ साली भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंक्तीत जेवत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, त्या पंक्तीसाठी मोडले.

९/ याच दशकांत रोटीबंदीवर चहूबाजूंनी घाव पडत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजने घडवली. रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांच्या पुढाकाराने ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ निघाले. त्याने जातीची भिंत ओलांडली, धर्माची मात्र नावातच राखली. या साऱ्यांच्या विचारसरणी एकमेकींपासून दूर होत्या, काही तर परस्परविरोधी. पण अन्न-पाण्यावरचे पहारे उठल्याशिवाय समाज एक होणार नाही, हे त्या प्रत्येकाला उमगले होते.

१०/ मग संविधान आले. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम वाचा. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत मज्जाव करता येणार नाही, असे त्यात आहे. त्याच कलमाचा दुसरा भाग विहिरी, तलाव आणि घाट यांविषयी आहे. उपाहारगृह आणि पाणवठा एकाच कलमात का आले, हे आता कळेल. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने उपाहारगृहातील भांडी वापरण्यास मज्जाव करणे हाही गुन्हा ठरवला. कायद्याला कपबशीपर्यंत उतरावे लागले, कारण विटाळ तिथवर पोहोचला होता.

११/ म्हणून ‘अन्नाला जात नसते’ हे वाक्य जेव्हा खवय्यांच्या गटात टाळ्या घेते, तेव्हा अस्वस्थ वाटते. ती एक सुंदर इच्छा आहे, इतिहास नव्हे. अन्नाला जात होती. ती काढण्यासाठी माणसांनी मार खाल्ला, दागिने मोडले, कायदे लिहिले. आज वेगवेगळ्या आडनावांचे सहा मित्र एका टेबलावर बसून एकाच ताटातील मासळी वाटून घेतात, ही घटना त्यांना इतकी साधी वाटते, हेच त्या लढ्याचे यश. पण यश साधे वाटू लागले म्हणून लढा विसरायचा नसतो.

१२/ दुसरा प्रश्न : विविधता आली कुठून? उत्तर एका शब्दात : स्थलांतर. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढच्या दशकांत परळ, लालबाग, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची चिमणी शेजारी चिमणी उभी राहिली. कामगार कोकणातून आले, घाटावरून आले. बहुतेक पुरुष एकटे. बायको-मुले गावी, शेत गावी. एका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा जण झोपत. निजायला जागा नव्हती, तिथे चूल कुठून असणार?

१३/ या चूल नसलेल्या माणसासाठी खानावळ जन्मली. गिरणगावातील खानावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईची दहा बाय बाराची खोली. तिथे महिन्याच्या ठरावावर दोन वेळचे जेवण मिळे. सिंधुदुर्गाकडच्या बाईकडे त्या बाजूचे कामगार, साताऱ्याकडच्या बाईकडे त्या भागातले. कालवणाची चव गावची हवी, कारण गावाकडचे तेवढेच एक उरलेले असे. आज ज्याला आपण ‘ऑथेंटिक मालवणी’ म्हणतो, तो कुणा आचाऱ्याचा अभिमान नव्हता. परक्या शहरात एकट्या पडलेल्या माणसाची ती गरज होती.

१४/ इराण्यांचेही तसेच. यझ्द आणि कर्मानकडून आलेल्या या मंडळींनी मुंबई-पुण्यात चहा, पाव आणि खिम्याची दुकाने थाटली. धोबीतलावचे ‘कयानी’ १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ‘ब्रिटानिया’ १९२३ चे. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत म्हणून ती इराण्यांना मिळाली, ही कथा प्रत्येक फूड वॉकमध्ये ऐकू येते. पण त्या कथेवाचूनही कोपऱ्याचे गणित सुटते : दोन रस्त्यांकडे तोंडे, दोन दारे, दुप्पट येणारे-जाणारे. खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. इराणी हा हिंदू जातिव्यवस्थेच्या बाहेरचा होता. त्याच्या संगमरवरी टेबलावर तुमची जात विचारण्याचे त्याला कारण नव्हते. म्हणूनच सोवळ्यातली माणसे त्याच्या चहाला नाक मुरडत.

१५/ आणि उडुपी. दक्षिण कॅनराच्या किनाऱ्यावरून कोवळ्या वयाची मुले मुंबईत आली, हॉटेलांत भांडी घासू लागली, तिथेच निजली. कित्येक जण रात्रशाळांत शिकले. भांडी घासण्यापासून सुरुवात केलेल्या ए. रामा नायक यांनी माटुंग्याला १९४२ साली ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केले. ते युद्धाचे दिवस होते; पुढच्याच वर्षी शहरात धान्याचे रेशनिंग आले. मुंबईच्या ‘राइस प्लेट’ संस्कृतीची पाळेमुळे अशा तंगीच्या दिवसांत रुजली आहेत.

१६/ ही विविधता सर्वांनी आनंदाने स्वीकारली, असेही नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिवसेनेच्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनात उडुपी उपाहारगृहे हल्ल्यांचे लक्ष्य झाली. आज त्याच इडली-डोशाशिवाय मुंबईची सकाळ उगवत नाही. आपण मिटक्या मारत ‘कॉस्मोपॉलिटन मुंबई’ म्हणतो तेव्हा हे ध्यानात असावे की प्रत्येक परकी चव आपली होण्याआधी कुणीतरी तिच्या दुकानाची फुटलेली काच झाडून काढली आहे.

१७/ तिसरा प्रश्न, आणि सर्वांत अवघड : स्वस्ताईची किंमत कोण भरतो? इथे सरकारी हिशोब उपयोगी पडतो. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. जेवणाऱ्याने द्यायचे १० रुपये. पण शहरी भागात थाळीची किंमत धरली होती ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५; वरचे ४० किंवा २५ रुपये सरकार केंद्रचालकाला देई. म्हणजे थाळी दहा रुपयांची कधीच नव्हती. ती पन्नासाचीच होती. दहा जेवणारा भरत होता आणि चाळीस कुणी दुसरा. फरक एवढाच की इथे तो दुसरा कोण, हे कागदावर स्पष्ट होते.

१८/ आता हाच हिशोब खानावळीला लावा. तिथे सरकार नव्हते, अनुदान नव्हते, तरी ताट स्वस्त होते. मग वरचे ‘चाळीस रुपये’ कुणी भरले? पहिले उत्तर : खानावळवाल्या बाईने. पहाटे उठून पाणी भरायचे, वाटण वाटायचे, वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, दोन पंगती वाढायच्या, भांडी घासायची. या श्रमाची मजुरी तिने कधी ताटाच्या किमतीत धरलीच नाही. धरली असती, तर ते ताट कामगाराला परवडले नसते. वर उधारी. कामगाराचा पगार महिन्याने, वाण्याचा तगादा रोज; मधली खिंड ती आपले दागिने गहाण टाकून लढवी. साताऱ्याच्या लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र इतिहासात नोंदले गेले. गिरणगावातील मंगळसूत्रे सावकाराच्या वहीत राहिली.

१९/ त्या वहीतून त्यांना बाहेर काढण्याचे काम प्रेमा पुरव यांनी केले. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताईंनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. खानावळवाल्या बायकांचे गट केले, त्यांना एकमेकींच्या भरवशावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरात बसून ‘काहीच न करणारी’ समजली जाणारी ही बाई एक उद्योग चालवते, हे बँकेने मान्य केले. खवय्यांच्या इतिहासात या घटनेला स्थान नसेल, तर तो इतिहास केवळ चघळण्याचा आहे.

२०/ दुसरा हिस्सा भरला पोऱ्यांनी. हॉटेलातच राहून, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत तुटपुंज्या पगारावर राबलेली कोवळी मुले हे स्वस्त चहाचे न छापलेले बिल आहे. तिसरा हिस्सा घरमालकाने, तोही नाइलाजाने भरला. ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा, १९४७’ याने जुन्या जागांची भाडी जवळजवळ गोठवली. पागडीच्या जागेत चालणारे कित्येक जुने उपाहारगृह आजही टिकले असेल, तर त्यात त्या गोठलेल्या भाड्याचा वाटा आहे. इमारतीचा पुनर्विकास झाला, की नव्या बाजारभावाच्या भाड्यात तीच बटाटाभाजी आणि तोच भाव बसत नाही.

२१/ म्हणून ‘पूर्वीचे लोक दिलदार होते, आता सगळे नफेखोर झाले’ हे गळे काढणे बंद करावे. पूर्वीची स्वस्ताई बाईच्या फुकट श्रमावर, पोराच्या हरवलेल्या बालपणावर आणि गोठलेल्या भाड्यावर उभी होती. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी संपल्या पाहिजेत, असे आपण म्हणतो की नाही? मग ताट वीस रुपयांनी महागले म्हणून हळहळताना एकदा विचार करावा, की आपण नेमके कशासाठी हळहळतो आहोत.

२२/ आणि जे ताट जाते, ते का जाते? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा कधी चालल्या नाहीत. खानावळींची चव त्या वर्षी बिघडली नव्हती. रोज जेवणारा माणूस नाहीसा झाला होता. खानावळ बंद पडते ती स्वयंपाक बिघडल्याने क्वचितच. पंगत उठली, की चूल विझते. गिरगावात खोताचीवाडीतले ‘अनंताश्रम’ आज नाही. त्याच्या आठवणींचे लेख भरपूर आहेत. लेखांनी खानावळ चालत नाही.

२३/ एक उणीवही सांगितली पाहिजे. आपण ‘विविध’ म्हणतो तेव्हा पाटी लागलेल्या चवीच मोजतो. ज्यांना पाटीच लावता आली नाही, त्यांचे काय? शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ सालचे पुस्तक वाचा. मराठवाड्यातील दलित घरांतील पदार्थ, ते कसे मिळत, कसे शिजत, त्यांच्याभोवती किती अपमान गुंडाळलेला होता, याची ती नोंद आहे. ‘महाराष्ट्रीयन थाळी’च्या कोणत्या वाटीत ते पदार्थ दिसतात? शोधच घ्यायचा असेल, तर या रिकाम्या वाटीचा घ्या. शोध हा शब्द इथे शोभून दिसेल.

२४/ कुणी म्हणेल, आम्ही चार घास आनंदाने खायला जातो. त्यात एवढा भार कशाला? आक्षेप रास्त आहे. आनंद घ्यावाच. पण ‘हिडन जेम’ या शब्दाला परिणाम आहेत. एका चित्रफितीने शनिवारी दोनशे माणसे येतात. रोजचा म्हातारा कारकून रांग पाहून परत जातो. मालक गर्दीसाठी भाव वाढवतो, मेनूत चीज घालतो. तीन महिन्यांनी ती दोनशे माणसे नव्या रत्नाच्या शोधात निघून जातात आणि कारकूनही परतत नाही. रत्न एकदा उचलले की संपते. खानावळीला रोज यावे लागते.

२५/ मग खवय्यांच्या गटाने काय करावे? पहिले, खानावळ वाचायला शिका. ती एक साधनच आहे, ताम्रपटासारखे. पाटीवर कोणत्या भाषा आहेत आणि कोणत्या क्रमाने? जेवणाची वेळ कुणाच्या सुट्टीला जुळते : गिरणीच्या पाळीला, कोर्टाला की कॉलेजला? भिंतीवर कोणत्या देवाची, कोणत्या गावची तसबीर आहे? उडुपीच्या मेनूत पंजाबी आणि चायनीजचे थर केव्हा चढले? मालकाचे गाव कोणते, आचाऱ्याचे कोणते? ही दोन गावे वेगळी निघाली, तर स्थलांतराची पुढची लाट तुमच्यासमोर उभी आहे.

२६/ दुसरे, एक वही ठेवा. तारीख, ठिकाण, ताटातील पदार्थ, प्रत्येकाचा भाव, चालवणाऱ्यांनी परवानगीने सांगितलेला इतिहास. चवीला दहापैकी किती गुण, हे लिहिले नाही तरी चालेल. गिरणगावातील खानावळींचे रोजचे भाव, त्यांची उधारीची खाती, त्यांच्या पंगतीतील माणसे यांच्या नोंदी त्या वेळी कुणी जपल्या असत्या, तर आज अभ्यासकाला सोने सापडले असते. वीस वर्षांनी तुमची वही कुणाच्या तरी प्रबंधाचे अस्सल साधन ठरेल.

२७/ तिसरे, वागण्याचे. चौदा जणांचा जथा घेऊन ऐन दुपारी जाऊ नका. ती रोजच्या माणसांची वेळ आहे. जेवणाऱ्यांचे चित्रण त्यांना विचारल्याशिवाय करू नका. भावात घासाघीस नको. पत्ता जगजाहीर करण्याआधी चालवणाऱ्या बाईंना किंवा काकांना विचारा, की एवढी गर्दी झेपेल का. आणि मुख्य म्हणजे, पुन्हा जा. नव्या दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा जुन्या दोन ठिकाणी पाच-पाच वेळा जा.

२८/ सातव्या क्रमांकाचा मुद्दा आठवा. ‘सत्यसुधारक हॉटेल’ शाहू महाराजांनी ‘शोधून काढले’ नव्हते. त्यांनी गाडी थांबवली, चारचौघांच्या देखत चहा घेतला, पैसे गंगारामांच्या गल्ल्यात पडू दिले आणि पुन्हा तिथेच आले. मित्रमंडळींसह खायला निघालेल्या आजच्या गटाला याहून वेगळे काही करायचे नाही.

(थ्रेड समाप्त. तुमच्या गावातील जुन्या खानावळीची पाटी, भाव आणि चालवणाऱ्यांचे मूळ गाव, त्यांची परवानगी घेऊन, खाली नोंदवा. नाव सांगायला त्यांची हरकत असेल, तर भाव आणि साल तेवढे लिहा.)